रेडिओ-नियंत्रित गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती : आधी निदान, मग सोल्डरिंग

रेडिओ लहरींवर चालणारी छोटी गाडी अचानक थांबली की ‘सर्किट जळाले’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि त्यापायी कित्येकदा धडधाकट सर्किट कचऱ्यात जाते. प्रत्यक्षात अशा गाडीतील बिघाड बहुधा तुटलेली वायर, सुटलेला सोल्डरचा जोड, गंजलेला कनेक्टर, आत शिरलेला ओलावा किंवा उतरलेली बॅटरी यांपैकी कशात तरी असतो. आणि साधा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न व पुरेसा धीर जवळ असेल तर हे सारे घरच्या घरी दुरुस्त करता येते. अट एकच, की दोष नेमका कोठे आहे हे ठरल्याखेरीज आयर्न तापवू नये. निदान न करता केलेल्या सोल्डरिंगने मूळ दोष तसाच राहतो, त्यात नव्या दोषाची भर पडते आणि पुढे दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे त्यांचा माग काढणे दुरापास्त होते.

वर्धा जिल्ह्यात या निदानाला ऋतूंचा मोठा आधार मिळतो. येथील जमिनीचा बराचसा भाग काळ्या, चिकण आणि ओलाव्याने फुगणाऱ्या मातीचा आहे. कोरड्या दिवसांत ही माती बारीक धूळ होऊन मोटरच्या छिद्रांतून आत जाते, तर पावसाळ्यात तिचा चिखल कनेक्टरांच्या पिनांमध्ये बसतो आणि त्यातील क्षारांमुळे दोन पिनांमधून थोडा थोडा करंट वाहू लागतो. कापसाच्या हंगामात वेगळीच अडचण उभी राहते. ज्या हिंगणघाटच्या नावाने एके काळी कापसाची जातच ओळखली जात असे, त्या परिसरात आणि इतरही तालुक्यांत वेचणीपासून जिनिंगपर्यंतच्या काळात रस्त्याकडेला व मोकळ्या जागांवर रुईचे तंतू पडलेले असतात. ते चाकाच्या आसाभोवती आणि मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात, मोटरला फिरण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो, ती अधिक करंट खेचते आणि त्या करंटाने मोटरला वीज पुरवणारा वेगनियंत्रक तापून बंद पडतो. वरवर पाहता हा बिघाड इलेक्ट्रॉनिक दिसतो, पण त्याचे मूळ यांत्रिक असते. आसावरचे तंतू न काढता नवा वेगनियंत्रक बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याही वर जाते, तेव्हा आधीच तापलेल्या भागांना थंड होण्यास वाव उरत नाही. म्हणून गाडी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जमिनीवर बंद पडली, हा निदानातील पहिला प्रश्न मानावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गाडीतील भागांची साखळी समजून घेणे आवश्यक आहे. हातातील ट्रान्समीटर चालकाच्या हालचालींचे रेडिओ संदेशांत रूपांतर करतो. गाडीतील रिसीव्हर ते संदेश घेऊन प्रत्येक वाहिनीवर, म्हणजे चॅनलवर, विजेचे छोटे ठोके पाठवतो. हे ठोके साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी येतात आणि त्यांची लांबी १ ते २ मिलिसेकंद असते, त्यात १.५ मिलिसेकंद म्हणजे मधली स्थिती. एका चॅनलवर सर्व्हो असतो. सर्व्हो म्हणजे छोटी मोटर, दातेरी चाके आणि स्थिती मोजणारा बदलता रोध, म्हणजे पोटेन्शिओमीटर, यांची एकत्र पेटी. ती पुढची चाके वळवते. दुसऱ्या चॅनलवर वेगनियंत्रक असतो, ज्याला छंदप्रेमी ‘ईएससी’ म्हणतात. तो बॅटरीची वीज मोजून-मापून मोटरला देतो. याच ईएससीत बहुधा ‘बीईसी’ नावाचा उपभाग असतो, जो बॅटरीचा दाब कमी करून ५ किंवा ६ व्होल्टचा स्थिर पुरवठा रिसीव्हर आणि सर्व्होला करतो. गाडीच्या बहुतेक तक्रारी या साखळीच्या कोणत्या तरी एका कडीपाशी येऊन थांबतात.

मात्र ही साखळी प्रत्येक गाडीत सुटी नसते. बाजारात खेळणे म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांत रिसीव्हर, वेगनियंत्रण आणि वळवण्याची यंत्रणा एकाच पट्टीवर असते. जुन्या धाटणीच्या अशा अनेक पट्ट्यांवर ‘आरएक्स-२बी’ या जातीची चिप आणि मोटरची दिशा उलटसुलट करणारे चार-चार ट्रान्झिस्टरांचे गट आढळतात. तेथे एखादा ट्रान्झिस्टर बदलणे शक्य असते, पण चिप गेली तर पूर्ण पट्टीच बदलावी लागते. छंदासाठी म्हणून बनवलेल्या गाडीत प्रत्येक भाग वेगळा आणि प्लगने जोडलेला असतो, त्यामुळे दोष एकाच भागापुरता मर्यादित ठेवता येतो. दुरुस्तीयोग्य वस्तू कोणती, हा प्रश्न वर्ध्याच्या परिसराला जुना आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, वेळेवर देखभाल केल्यास ते किमान वीस वर्षे चालावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा, अशा अटी घातल्या होत्या. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत केंद्र असलेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले, तेव्हा वापरणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल अशा अवजारांचा विचार तेथे अधिक तपशिलाने पुढे गेला. आजच्या छंदगाडीला वीस वर्षांची कसोटी लावणे जड जाईल, पण पाच टक्क्यांचे प्रमाण खरेदीच्या वेळी अवश्य लावून पाहावे: दहा हजार रुपयांच्या गाडीसाठी वर्षाला पाचशे रुपये एवढ्यात सर्व्होची दातेरी चाके, वायर, कनेक्टर यांसारखे सुटे भाग भागत नसतील, किंवा ते सुटे मिळतच नसतील, तर अशी गाडी घेऊ नये.

साधनांची यादी फार मोठी नाही. बझर असलेला डिजिटल मल्टिमीटर, सिग्नलच्या बारीक वायरींसाठी सुमारे २५ वॉटचे आणि बॅटरीच्या जाड वायरींसाठी सुमारे ६० वॉटचे सोल्डरिंग आयर्न, ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेली आणि पोटात राळ असलेली सोल्डर वायर, उष्णतेने आवळणारी नळी म्हणजे हीट-श्रिंक, जुना दात घासायचा ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यावर बहुतेक कामे होतात. नळकाम करणारे जी आम्लयुक्त पेस्ट वापरतात ती येथे मुळीच वापरू नये, कारण तिचे अंश तांब्याला हळूहळू खातात आणि आज पक्का दिसणारा जोड काही महिन्यांत हिरवा पडतो. सुटे ट्रान्झिस्टर, कपॅसिटर व कनेक्टर वर्ध्यात मिळाले नाहीत तर नागपूरच्या बाजारात शोधावेत. तेथे जाताना जुना भाग सोबत न्यावा, कारण त्यावर छापलेला क्रमांक हाच त्याचा खरा परिचय असतो.

तपासणीचा आरंभ नेहमी बॅटरीपासून करावा आणि तत्पूर्वी गाडी अशा ठोकळ्यावर ठेवावी की तिची चाके जमिनीला टेकणार नाहीत, कारण दुरुस्तीच्या वेळी अनपेक्षितपणे सुटलेली गाडी माणसालाही इजा करते आणि स्वतःचेही नुकसान करून घेते. लिथियम-पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरीत प्रत्येक सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट आणि वापरातील किमान मर्यादा सुमारे ३ व्होल्ट असते. एकूण दाब ठीक दिसला तरी सेलनिहाय वायरी असलेल्या बॅलन्स प्लगवर प्रत्येक सेल वेगळा मोजावा. एक सेल इतरांपेक्षा लक्षणीय उतरलेला असेल तर गाडी थोडे अंतर जाऊन थांबते आणि दोष नाहक ईएससीच्या माथी मारला जातो. बॅटरी फुगलेली, दबलेली किंवा टोचली गेलेली असेल तर ती दुरुस्तीचा विषय राहत नाही. तिचे आवरण उघडणे, तिच्या सेलवर सोल्डर करणे किंवा तिला पुन्हा चार्ज करून पाहणे हे आगीला आमंत्रण आहे. विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या मोटारीत लिपो बॅटरी ठेवू नये आणि भर उन्हाच्या वेळी ती चार्जही करू नये, कारण सुमारे ४५ अंश ही चार्जिंगची सर्वसाधारण वरची मर्यादा खोलीच्या तापमानानेच गाठलेली असू शकते.

बॅटरी निर्दोष ठरल्यावर रिसीव्हरवरील कोणत्याही मोकळ्या चॅनलच्या मधल्या आणि ऋण पिनेमध्ये दाब मोजावा. सर्व्होच्या तीन वायरींत मधली लाल वायर धन असते, काळी किंवा तपकिरी ऋण असते, आणि पांढरी, पिवळी अथवा नारिंगी वायर संदेशाची असते. येथे ५ किंवा ६ व्होल्ट मिळाले तर बीईसी काम करत आहे. काहीच मिळाले नाही तर ईएससीचा स्विच आणि त्याच्या वायरी बझरने तपासाव्यात, कारण धूळ व चिखल यांमुळे हा छोटासा स्विच पुष्कळदा सर्वांत आधी निकामी होतो आणि तो बदलणे सर्वांत सोपे असते. दाब आधी नीट दिसतो, पण सुकाणू वळवताच खाली कोसळतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, असे दिसल्यास सर्व्होचा प्लग काढून पाहावे. सर्व्हो काढल्यावर दाब स्थिर राहिला तर सर्व्हो अडकला आहे आणि अडकलेल्या अवस्थेत तो जास्तीचा करंट खेचत आहे, असा अर्थ होतो.

यानंतरची चाचणी सर्वांत फलदायी असून तिला कोणतेही साधन लागत नाही. सर्व्होचा आणि ईएससीचा प्लग रिसीव्हरवर एकमेकांच्या जागी लावावेत. सर्व चॅनलांचे धन-ऋण आतून जोडलेले असल्याने वीजपुरवठा कायम राहतो आणि फक्त आज्ञांची अदलाबदल होते: आता ट्रिगर दाबल्यावर सर्व्हो हलला पाहिजे आणि सुकाणूचे चाक फिरवल्यावर मोटर फिरली पाहिजे. समजा, मूळ तक्रार मोटर फिरत नाही ही होती आणि अदलाबदलीनंतर ट्रिगरने सर्व्हो व्यवस्थित हलतो, पण मोटर सुकाणूच्या चाकालाही दाद देत नाही, तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही निर्दोष ठरतात व शोध ईएससी आणि मोटर यांपुरता उरतो. याउलट ट्रिगरच्या चॅनलवर सर्व्होही मूक राहिला, तर दोष त्या चॅनलात किंवा ट्रान्समीटरच्या ट्रिगरखालील पोटेन्शिओमीटरमध्ये आहे. दोन प्लगांच्या या अदलाबदलीने अर्धी गाडी संशयमुक्त होते, तरीही पुष्कळ जण ती न करताच थेट नवे भाग मागवतात, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

दोन्ही चॅनल मूक असतील तर प्रथम ट्रान्समीटरच्या बॅटरी-कप्प्यातील स्प्रिंगा पाहाव्यात. अल्कलाइन सेल गळून त्यांवर पांढुरकी-हिरवट पापडी धरली असेल तर ती कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावी, मग ओलसर फडक्याने व शेवटी अल्कोहोलने स्वच्छ करावी. त्यानंतर रिसीव्हर आणि ट्रान्समीटर यांची ओळख पुन्हा पटवावी, ज्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. तिची रीत प्रत्येक उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. गाडी जवळून चालते पण दूर गेल्यावर बंद पडते, असे असेल तर अँटेना तपासावी. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांच्या अँटेनेच्या टोकाला उघडा राहणारा भाग सुमारे ३१ मिलिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. हे टोक तुटले असेल तर तेवढीच लांबी उघडी राहील अशा रीतीने बाहेरचे जाळीदार आवरण काळजीपूर्वक सोलावे आणि आतील वायरला धक्का लागू देऊ नये. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या गाड्यांत लांब वायर हीच अँटेना असते आणि ती अडचण वाटते म्हणून कापून टाकल्यास गाडीचा पल्ला लगेच घटतो. ट्रान्समीटरच्या आतील रेडिओ विभागाला मात्र हात लावू नये आणि पल्ला वाढवण्यासाठी बाहेरून शक्तिवर्धकही जोडू नये, कारण भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला २००५ साली मिळालेली परवानामुक्ती ठरावीक मर्यादेतील कमी शक्तीच्या उपकरणांपुरतीच आहे.

ईएससीचे निदान बॅटरी काढून करावे. त्यातील मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर स्विचांसारखे काम करतात आणि ते निकामी झाले की बहुतेक वेळा कायमचे जोडलेल्या अवस्थेत अडकतात, ज्याला शॉर्ट होणे म्हणतात. मोटर सोडवून, मल्टिमीटर रोध मोजण्यावर ठेवून, मोटरकडे जाणारी प्रत्येक वायर आधी बॅटरीच्या धन आणि मग ऋण वायरीशी ताडून पाहावी. ब्रशलेस मोटरच्या ईएससीत अशा तीन वायरी असतात आणि तिन्हींचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. दोन सारखे आणि तिसरा शून्याजवळ आला तर त्या शाखेतील मॉस्फेट शॉर्ट झाला आहे, यात शंका राहत नाही. मॉस्फेट बदलणे शक्य असले तरी त्यासाठी गरम हवेचे यंत्र आणि सरावलेला हात लागतो. हे काम मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे किंवा आयटीआयत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तंत्रज्ञाकडे सोपवावे, मात्र दोष कोणत्या शाखेत आहे हे त्याला आपण मोजलेल्या आकड्यांसह सांगावे.

मोटर ब्रशची असेल तर तिच्या दोन टोकांमधील रोध मोजत दांडा हाताने सावकाश फिरवावा. आकडा मध्येच नाहीसा होत असेल तर ब्रश झिजले आहेत किंवा त्यांच्याखाली धूळ बसली आहे. अशा मोटरच्या ठिणग्यांमधून रेडिओ गोंगाट निर्माण होतो आणि तो शमवण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचे, म्हणजे ‘१०४’ असा आकडा छापलेले, तीन सिरॅमिक कपॅसिटर लावलेले असतात: एक दोन टोकांच्या मध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्यापर्यंत. यांपैकी एखाद्याचा पाय तुटला की गाडी वेगात असताना सुकाणू थरथरू लागते. ब्रशलेस मोटर जागच्या जागी थरथरते पण फिरत नाही, तेव्हा तिच्या तीन वायरींपैकी एक सुटलेली असण्याचा संभव सर्वाधिक असतो. सेन्सर नसलेली अशी मोटर उलट फिरत असेल तर तिन्हींपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी.

पाण्यात किंवा चिखलात पडलेल्या गाडीसाठी क्रम वेगळा आहे. सर्वप्रथम बॅटरी काढावी आणि ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह आवरावा, कारण ओल्या पट्टीला पाण्याहून अधिक नुकसान त्यातून वाहणाऱ्या विजेने होते. करंट आणि क्षार एकत्र आले की तांब्याच्या बारीक रेषा झपाट्याने गंजतात. चिखल वाळण्यापूर्वीच धुवावा, कारण काळी माती वाळली की पिनांमध्ये घट्ट बसते. शेवटचे धुणे विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने न करता डिस्टिल्ड पाण्याने करावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी ते सर्वत्र विकत मिळते. त्यावर अल्कोहोल आणि ब्रश फिरवून भाग पंख्याखाली सावलीत किमान एक पूर्ण दिवस वाळवावेत. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने ओलावा लवकर निघत नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. उन्हात ठेवल्याने प्लॅस्टिक वाकते. सर्व्होची पेटी उघडून आतले पाणी पुसावे व दातेरी चाकांना पुन्हा ग्रीस लावावे.

सोल्डरिंगची वेळ या सर्वांनंतर येते. वर सांगितलेली ६०-४० मिश्रणाची सोल्डर साधारण १८३ ते १९० अंशांदरम्यान वितळते, पण जोड चांगला व्हायचा तर वायर आणि पट्टी दोन्ही तितक्या तापल्या पाहिजेत. म्हणून आयर्न सोल्डरला न टेकवता जोडाला टेकवावे आणि सोल्डर जोडाला लावावी. पसरलेला, कडांशी पातळ झालेला जोड पक्का समजावा, आणि थेंबासारखा उभा राहिलेला जोड पुन्हा तापवावा. बॅटरीचा कनेक्टर बदलताना दोन्ही वायरी एकाच वेळी कापू नयेत. एक कापून, सोल्डर करून, झाकून मगच दुसरीला हात लावावा, कारण दोन्ही उघडी टोके एकमेकांना किंवा कात्रीच्या पात्याला लागली तर क्षणात मोठा करंट वाहून भाजते. प्लॅस्टिकच्या कनेक्टरला सोल्डर करताना त्यात त्याची जोडीची बाजू बसवून ठेवावी, म्हणजे उष्णतेने पिना सरकत नाहीत. हीट-श्रिंकचा तुकडा वायरीवर आधीच ओवून ठेवावा. काम खिडकीजवळ करावे आणि शिशामुळे नंतर हात साबणाने धुवावेत; मुले मदतीला असतील तर हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा.

दुरुस्तीनंतरची चाचणीही ठोकळ्यावरच करावी. प्रथम ट्रान्समीटर सुरू करावा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. ईएससीला ट्रिगरची मधली आणि दोन्ही टोकांची स्थिती पुन्हा शिकवावी लागते, ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यानंतर गाडी चालू असताना चाके हवेतच ठेवून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करावा. मोटर तत्काळ थांबली तर संदेश तुटल्यावर गाडी थांबवणारी फेलसेफ व्यवस्था काम करत आहे, आणि ती थांबली नाही तर तिची मांडणी केल्याशिवाय गाडी मोकळ्या मैदानातही सोडू नये. पहिली धाव काही मिनिटांचीच ठेवून मोटर, ईएससी आणि बॅटरी यांना हात लावून पाहावा. ज्या भागावर बोट टेकवून ठेवता येत नाही तो गरजेपेक्षा जास्त काम करत आहे, आणि त्याचे कारण पुन्हा आसावरील तंतूंपासून शोधायला सुरुवात करावी.

बदललेले भाग घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत विजेवर चालणारी खेळणी हा स्वतंत्र प्रकार असून त्यात रेसिंग गाड्यांच्या संचांचा उल्लेख आहे, तर बॅटऱ्यांसाठी त्याच वर्षीचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत आणि वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देण्याची जबाबदारी त्यांनी ग्राहकावर टाकली आहे. निकामी लिपो बॅटरीच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून ती धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत, घरातील जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि अधिकृत संकलकाकडे किंवा विक्रेत्याकडे जमा करावी. निकामी ईएससी मात्र देऊन टाकण्यापूर्वी त्यावरचा स्विच, चांगल्या स्थितीतील कनेक्टर आणि जाड वायरी काढून घ्याव्यात. पुढच्या दुरुस्तीत त्यांचा उपयोग होतो.